वाळूवरची साय

गौरी-गणपती होऊन गेले होते. पाऊस हटला नव्हता, पण दमला होता. सकाळी टेकाडावरून उतरताना लडक्याला खालच्या वाटेनं आपली सून येताना दिसली. निलमच्या डोक्यावर हंड्यावर हंडा होता, कमरेवर कळशी. पाय पोटरीपर्यंत चिखलानं भरलेले. ती झऱ्यावरून पाणी आणत होती.

लडक्या जागीच थांबला. उंबरपाड्याचं पाणी बघायचं काम त्याचंच होतं. ओढ्याचं पाणी पंपानं टेकाडावर चढायचं, तिथल्या सिमेंटच्या हौदातल्या वाळूतून झिरपायचं, खालच्या टाकीत साठायचं आणि मग पाड्यातल्या नळांना जायचं. पंप चालवायचा, पाणी कमी-जास्त सोडायचा वॉल फिरवायचा, वाळूवर शेवाळ धरलं की ते खरडायचं. सायवनच्या बाजारातसुद्धा लोक त्याला पाणीवाला लडक्या म्हणून ओळखायचे.

"नळ आला नाय का?" त्यानं विचारलं.

"आला होता, मामा."

"मग?"

निलमनं मान न हलवता नजर खाली केली. "पिवळा आला. बारकीचे जुलाब कालच थांबलेत."

बारकी म्हणजे लडक्याची नात. वाट अरुंद होती म्हणून तो गवतात सरकला आणि सुनेला पुढं जाऊ दिलं. वरच्या हंड्यातलं पाणी डचमळून त्याच्या हातावर सांडलं, थंडगार आणि स्वच्छ. हात पुसायचंही त्याला सुचलं नाही.

संध्याकाळी देवळापुढच्या ओट्यावर पाणी समिती बसली. समितीचा अध्यक्ष मनिष पाड्यातलाच तरणा माणूस होता. त्याचा टेम्पो होता. रोज पहाटे मजूर भरून तो घोलवडला चिकूच्या वाड्यांवर सोडायचा. लडक्याचा मुलगा तुषारही त्याच टेम्पोनं चिकू तोडायला जायचा.

"लडक्या काका, तुमच्यावर राग नाय माझा," मनिष म्हणाला. "पण हौदातली वाळूची गाळण तुंबली की पाणी येत नाय, आणि पाणी आलं की माती येते. वरच्या आळीच्या बायका हंडे घेऊन माझ्या टेम्पोपुढं उभ्या राहतात. त्यापेक्षा गाळणच बंद करू. पंपाचं पाणी सरळ टाकीत घेऊ आणि वरून पावडर मारू."

"नायतरी ती गाळण गाळते काय?" कोपऱ्यातून हिरू म्हणाला. हौदाशेजारी त्याचं भाताचं शेत होतं. "पाणीवाल्याच्या घरचेच झऱ्यावर जातात."

लोक हसले. लडक्याही हसल्यासारखं करून जमिनीकडे बघत राहिला. मागे बायकांत उभ्या असलेल्या त्याच्या बायकोला, जमनाला, ते हसणं नीट ऐकू आलं. ती दोन बायकांना बाजूला सारून पुढं आली.

"बंद करायची तर करा," ती म्हणाली. "पण डहाणूच्या मॅडमला आधी दाखवा. ती म्हणाली गाळण मेली, तर मीच माती टाकीन हौदात."

मनिषनं डोकं खाजवलं. "बोलावतो," तो म्हणाला.

डहाणूच्या कार्यालयात पाणीपुरवठ्याचं काम बघणारी सुषमा मॅडम स्कूटीवरून आली. तिचे वडील रेल्वेत होते, ती वाढली स्टेशनजवळच्या क्वार्टरमध्ये; पण आली ती गमबूट घालूनच. आल्या आल्या तिनं वॉलचं चाक बघितलं.

"हा पुरता उघडा कसा?"

लडक्यानं मनिषकडे बघितलं. मनिषनं घसा साफ केला. "मीच सांगितलं होतं. वरच्या आळीला पाणी चढत नव्हतं."

ती रागावली नाही. तिनं हौदातल्या वाळूवरून बोट फिरवलं. बोटाला बुळबुळीत, हिरवट काळं काहीतरी चिकटलं. "हे बघा. ही साय आहे. दुधावर धरते तशी वाळूवर धरते. हिच्यात डोळ्याला न दिसणारे जीव असतात. घाण तेच खातात. वाळू नुसती त्यांना जागा देते. पाणी हळू गेलं तर त्यांना खाता येतं. जोरानं ओढलं तर साय फाटते आणि सगळं तसंच खाली जातं."

"मी तर दर वेळी खरडून टाकतो ती," लडक्या म्हणाला.

"तुंबल्यावर खरडावीच लागते. पातळ थर, वरचा वरचा. पण नवी साय धरेपर्यंत ते पाणी प्यायला सोडायचं नसतं. हे कुणी सांगितलं नाही?"

"नाय. हौद बांधणाऱ्यानं किल्ली दिली आणि गेला."

"मग आज मी सांगते," ती म्हणाली आणि लडक्याला घेऊन शिडीनं आत उतरली. जमनाही मागोमाग उतरली. हौदातलं पाणी खाली गेलं होतं, वाळू ओली होती. जमना कोपऱ्यात, ओढ्याचं पाणी ज्या पाईपमधून पडायचं त्याच्या खाली गेली आणि तिचा पाय मांडीपर्यंत आत गेला.

"अगं आई!"

लडक्यानं तिला काखेत धरून वर ओढलं. सुषमानं त्या जागी काठी खुपसली. काठी सरळ खालच्या दगडांना लागली.

"पाईपच्या धारेनं खड्डा पाडलाय," ती म्हणाली. "बाकीच्या वाळूतून पाणी जातच नाही. ते इथूनच खाली उतरतं."

लडक्या त्या खड्ड्याकडे बघत राहिला. इतके दिवस तो वर उभा राहून ह्याच कोपऱ्यात पाणी पडताना बघत आला होता.

सुषमानं काय करायचं ते ओट्यावर बसून सांगितलं. सगळी वाळू बाहेर काढायची, धुवायची, चाळायची, पुन्हा भरायची. पाईपच्या खाली सपाट दगड बसवायचा म्हणजे धार वाळूवर पडणार नाही. आणि हौदाच्या आधी खडीचे कप्पे बांधायचे. आधी मोठी खडी, मग मधली, मग बारीक. ओढ्याचा गढूळपणा तिथंच बसला तर वाळू लवकर तुंबणार नाही. खडी आणि गवंडी कार्यालयातून मिळतील, पण राबायला माणसं पाड्यानं द्यायची.

"तोवर पाणी?" सोमीनं विचारलं. ती लडक्याची शेजारीण, तिची दोन पोरं त्याच पाण्यानं आजारी पडली होती.

"झऱ्याचं. उकळून."

सगळ्यांनी माना डोलावल्या. दुसऱ्या दिवशी मात्र टेकाडावर लडक्याच्याच घरची माणसं होती. तुषारनं घोलवडची मजुरी चुकवली होती. निलमनं बारकीला सावलीत झोळीत टाकलं होतं.

लडक्या हौदात उतरला आणि फावडं मारलं. वरची वाळू सहज निघाली. खालची ओली, जड, सडक्या अंड्यासारखी वासाची होती. तो घमेलं भरायचा, तुषार शिडीवरून वर द्यायचा, जमना आणि निलम डोक्यावरून नेऊन ताडपत्रीवर ओतायच्या. दुपारपर्यंत जमनाच्या मानेत गोळा आला. लडक्याच्या पायांची कातडी पाण्यानं पांढरी पडून सुरकुतली. ऊन पडलं की वाफ मारायची, सर आली की घमेल्यातली वाळू आणखी जड व्हायची. भात निंदायला निघालेली माणसं खालच्या वाटेनं जाताना वर बघायची आणि पुढं जायची.

"कोण येतंय का बघ," लडक्यानं आतून विचारलं.

"तू फावडं मार," जमना म्हणाली.

संध्याकाळी हात धुताना तुषार म्हणाला, "बाबा, एवढं आपणच का मरायचं? पाणी सगळ्यांचं."

लडक्यानं विचार केला. "हौद माझ्याकडं दिलाय," तो म्हणाला. त्याला एवढंच सांगता आलं.

दुसऱ्या सकाळी सोमी स्वतःचं घमेलं घेऊन आली. तिनं साडीचा काष्टा घट्ट केला आणि रांगेत उभी राहिली. तिच्यामागून तिची जाऊ आली. मग वरच्या आळीतल्या बायका आल्या, कारण झऱ्याची वाट त्यांनाच सगळ्यात लांब होती. बायका आल्या म्हणून त्यांचे नवरेही रेंगाळत आले. आठवडा संपायच्या आत शिडीपासून ताडपत्रीपर्यंत घमेल्यांची साखळी लागली आणि चेष्टामस्करीही सुरू झाली.

वाळू धुणं हे काढण्यापेक्षा किचकट काम होतं. ड्रममध्ये अर्धी वाळू, वर पाणी, कोपरापर्यंत हात घालून ढवळायचं, गढूळ पाणी ओतायचं, पुन्हा भरायचं. हाताची नखं झिजून गेली. धुतलेली वाळू झाली की नाही हे बघायला सुषमानं युक्ती दिली होती. काचेच्या बाटलीत मूठभर वाळू आणि स्वच्छ पाणी घालून हलवायचं. वाळू बसल्यावर वरचं पाणी नितळ राहिलं तर झाली. ही परीक्षा निलमकडे आली. ती बाटली उन्हाकडे धरायची, एक डोळा मिटायची आणि म्हणायची, "नाय. परत."

"अगं, पुरे झालं की!" बायका कुरकुरायच्या.

"बारकी पिणार हाय ह्यातलं," निलम म्हणायची. "परत."

लडक्या आतून ऐकायचा. सुनेचा आवाज एवढा मोठा आहे हे त्याला आजवर माहीत नव्हतं.

घाण गेली, बारीक चुरा गेला, तशी वाळू कमी भरली. मनिष डहाणूच्या किनाऱ्यावरून दोन गोणी वाळू टेम्पोत टाकून घेऊन आला. पांढरी, सुळसुळीत, बघायला धुतलेल्या तांदळासारखी. "पास झाली तर मॅडमला सांगून लागेल तेवढी मागवू," तो खुशीत म्हणाला. जमनानं चिमूट जिभेवर ठेवली आणि थुंकली.

"खारट."

"धुतली की जाईल खार."

काम बघायला आलेल्या सुषमानं तिच्यावर संडास धुवायच्या अ‍ॅसिडचे थेंब टाकले. वाळूवर फस्सकन फेस आला. "शिंपल्यांचा चुरा आहे," ती म्हणाली. "पाण्यात विरघळत राहील. पाणी जड होईल, वाळू बसत जाईल. नको."

मनिषचं तोंड पडलं. पण गोणी परत चढवून तो तसाच गेला, आणि दुसऱ्या दिवशी मॅडमनं पास केलेल्या नदीच्या वाळूच्या गोणी आणि दोन मापांच्या चाळण्या घेऊन आला. टेम्पो लावला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि हौदात उतरला. "काका, फावडं द्या."

"कमर धरेल तुझी. स्टेअरिंगची सवय."

"धरू दे."

तुषारनं छिन्नी-हातोडीनं हौदाच्या आतल्या भिंती खरबरीत करून टाकल्या. गुळगुळीत भिंतीला धरून पाणी न गाळता निसटतं असं मॅडम म्हणाली होती. गवंड्यानं खडीचे कप्पे बांधले. तळाला दगड, त्यावर मोठी खडी, मग बारीक, मग वाळू असे थर बसले. पाईपच्या खाली कातळाची सपाट फरशी लडक्यानं स्वतः बसवली, दोनदा उचलली, तिसऱ्यांदा मनासारखी टेकली तेव्हा सोडली.

मग हौदात खालून पाणी भरायचं होतं. वरून ओतलं तर वाळूत हवा अडकते. टाकीतलं नितळ पाणी छोट्या पंपानं उलट्या वाटेनं हळूहळू आत सोडलं. सगळा पाडा काठावर वाकून बघत होता. आधी वाळू काळवंडली, मग भात शिजताना येतात तसे बुडबुडे जागोजागी फुटायला लागले, आणि मग वाळूच्या वर पाण्याचा पातळ, चकचकीत पडदा उभा राहिला. लडक्यानं बिडी काढली आणि न पेटवताच तोंडात धरली.

खरी परीक्षा त्यानंतर होती. नवी साय धरेपर्यंत पाणी नळाला सोडायचं नव्हतं. ते हिरूच्या शेताकडच्या चरात जात होतं. काचेसारखं पाणी. दसरा जवळ आला होता, घरं सारवायची होती, आणि वरच्या आळीच्या बायका अजून झऱ्यावर खेपा घालत होत्या. दोन दिवस त्यांनी चराकडे बघितलं. तिसऱ्या दिवशी त्या हंडे घेऊन वर आल्या. पुढं हिरू होता.

"एवढं राबलो आम्ही, ते माझ्या बांधाला पाणी घालायला का?" तो म्हणाला. "शेत चिखल झालंय माझं. सोड नळाला."

"साय धरली नाय अजून," लडक्या म्हणाला.

"डोळे गेले का तुझे? ह्याच्यापेक्षा स्वच्छ पाणी पाड्यानं बघितलंय कधी?" आणि हिरूनं वॉलच्या चाकाला हात घातला.

लडक्या पुढं होईपर्यंत जमना पोचली. वॉलच्या खड्ड्याच्या कठड्यावर ती चक्क बसली, दोन्ही हात चाकावर ठेवून.

"निलम," तिनं हाक मारली. "कणगीतली बाटली आण."

सुषमानं तपासणीच्या बाटल्या देऊन ठेवल्या होत्या. पाणी भरून उबेत ठेवायची. पाण्यात शौचाची घाण असली तर आतलं औषध काळं पडतं. निलमनं भाताच्या कणगीत ठेवलेली बाटली धावत आणली. जमनानं ती वर धरली. आतलं पाणी डांबरासारखं काळं झालं होतं.

"हे तुझं स्वच्छ पाणी," जमना हिरूला म्हणाली. "परवाच्या दिवशी चरातून भरलेलं. पितोस? घे. पिऊन दाखव, मी उठते इथनं."

हिरूनं हात मागे घेतला. बायकांनी बाटली एकमेकींच्या हातात दिली, उलटीसुलटी केली, वास घेतला. एक जण हळूच म्हणाली, "आणि हेच आपण पोरांना पाजत होतो?"

टेम्पो लावून मनिष वर आला तेव्हा सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं. एकदा त्यानंच हा वॉल उघडायला लावला होता. त्यानं काळी बाटली बघितली, कठड्यावरची जमना बघितली.

"काकी बसलीय ना तिथं?" तो म्हणाला. "मग ती उठेल तेव्हा पाणी सुटेल. हिरू, तुझा चर मी उद्या दुसरीकडं वळवून देतो. माझ्या हातानं."

दसरा झऱ्याच्या पाण्यावरच झाला. लडक्या सकाळ-संध्याकाळ हौदावर जायचा. वाळूवर आधी तपकिरी बारीक लव दिसली, मग ती मखमलीसारखी पसरली. पूर्वी ती दिसली की तो खुरपं उचलायचा, आता बारकीला कडेवर घेऊन दाखवायचा, "हात नाय लावायचा. निजलीय ती." मधे एक मोठी सर आली, ओढा लाल झाला. तो घाबरून वर गेला. खडीच्या पहिल्या कप्प्यात गाळ बसला होता, दुसऱ्यात थोडा, आणि वाळूवर येणारं पाणी जेमतेम धुरकट होतं. तो एकटाच मोठ्यानं हसला.

दुसरी बाटली काळपट झाली. मग एक आली ती नुसती करडी. त्यापुढची भरली तेव्हा जमनानं ती कणगीत ठेवली आणि घरातल्या कुणालाही बघू दिली नाही. सुषमा आली त्या दिवशी तिच्यासमोरच बाहेर काढली. आतलं पाणी ठेवलं होतं तसंच होतं, फिकट पिवळसर औषधाच्या रंगाचं. सुषमानं ती उन्हाला धरली, निलमकडे दिली. निलमनं सवयीनं एक डोळा मिटला.

"झाली," ती म्हणाली.

सुषमानं पुन्हा एक बाटली भरून घेतली, डहाणूला तपासायला नेली, आणि तिथूनही होकार आला. टाकी घासून झाली. मग मनिषनं वॉलच्या चाकाशेजारी लाल रंगानं जाड खूण काढली. ह्याच्या पुढं चाक फिरवायचं नाही, अध्यक्षानंसुद्धा. वरच्या आळीला दाब कमी पडतो म्हणून तिला सकाळी वेगळं पाणी सोडायचं ठरलं.

लडक्यानं चाक फिरवलं. खुणेपाशी थांबवलं. पाईपमधून हवा फुसफुसली, गुळगुळली आणि मग एकसारखा आवाज लागला. तो टेकाड उतरून पाड्यातून चालत गेला. कुठं हंडा वाजत होता, कुठं बादली भरून वाहत होती, कुठं कुणी ओरडत होतं, "अगं, बंद कर, सांडतंय!" सोमीच्या दारात तिची पोरं नळाखाली तोंड लावून पीत होती. सोमीनं लडक्याला बघितलं आणि पदर डोळ्याला लावला. हिरू त्याच्या अंगणात तांब्या घेऊन उभा होता. त्यानं तो लडक्यापुढं धरला.

"तू पी आधी," हिरू म्हणाला. "तुझा मान."

लडक्यानं रस्त्यातच उभं राहून तांब्या वर केला आणि घटाघटा प्याला. पाण्याला कसलीच चव नव्हती. त्याला तेच हवं होतं.

भात कापून झालं, खळी सारवली गेली, तेव्हा सुषमाचा मनिषला फोन आला. कैनाडकडच्या एका पाड्यावरची अशीच गाळण तुंबून पडली होती. "मी येतेच आहे. पण वाळूचं काम हातानं दाखवणारी माणसं हवीत. लडक्या काका आणि जमनाबाई येतील का?"

मनिषनं टेम्पो दाराशी आणला. लडक्या सवयीप्रमाणे मागच्या फळीला धरून चढायला लागला.

"काका, मागं नाय. पुढं बसा. काकी, तुम्ही पण."

दोघं केबिनमध्ये अवघडून बसली. जमनानं लग्नाकार्याची साडी नेसली होती आणि मांडीवर कामाची जुनी साडी गुंडाळून घेतली होती. मागे चाळण्या खडखडत होत्या. ह्याच रस्त्यानं आजवर दोघं लावणीला गेली होती, वीटभट्टीला गेली होती, वाड्यांवर गेली होती. दर वेळी मुकादम माणसं मोजून घ्यायचा.

कैनाडला आंब्याखाली माणसं जमली होती. खुर्च्या मांडल्या होत्या, चहा ठेवला होता. सुषमा आधीच पोचली होती. "कोण शिकवणार म्हणालात?" तिथल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं.

"ही दोघं, आमच्या उंबरपाड्याची," मनिष म्हणाला आणि बाजूला झाला.

जमना एका घरात जाऊन साडी बदलून आली. चहाकडे बघितलंही नाही. तिनं चपला काठावर काढल्या, शिडीनं हौदात उतरली आणि वर बघून बायकांना म्हणाली, "अशा उभ्या काय राहिल्यात? या खाली. पायानं चाचपल्याशिवाय वाळू कळत नाय."

बायका हसत, एकमेकींना ढकलत उतरायला लागल्या.

लडक्या वरच उभा होता. भोवती अनोळखी माणसं, सगळी त्याच्याच तोंडाकडे बघत होती. ओट्यावरच्या सभेत तो कधी दोन शब्द बोलला नव्हता. त्यानं शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि बोलायला लागला. वॉल किती उघडायचा, साय कशी ओळखायची, पाणी चरात जाताना बघून जीव तुटतो तेव्हा काय करायचं. मधेच सुषमा खडीच्या मापाचं सांगायची, मधेच तो. कधी त्याचा आवाज चढला हे त्यालाही कळलं नाही.

"एवढं सगळं केलं," म्हातारा म्हणाला, "तर पाणी खरंच गोड येतं?"

लडक्यानं खाली हौदात बघितलं. जमना मांडीभर वाळूत उभी राहून कुणाला तरी फावडं कसं धरायचं ते दाखवत होती.

"या की उंबरपाड्याला," तो म्हणाला. "कुणाचंही घर विचारा. कुठल्याही दारात पाणी मागा."